ओढ्यापलीकडचा दिवा

माझ्या वडिलांनी, ऑगस्ट हॅव्रिला यांनी, आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द शिशात ओतले. आमच्या जिल्ह्याचं वर्तमानपत्र जिथे छापलं जायचं तिथे ते लायनोटाइप यंत्रावर बसत. समोर कळा, बाजूला उकळत्या शिशाचं भांडं, आणि जुळवलेली प्रत्येक ओळ धातूची पट्टी होऊन खाली पडायची, हात लावला तर भाजेल अशी. खोलीत खडखडाट एवढा, की कुणाला काही सांगायचं तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. बाबांना ती अडचण नव्हती. लहानपणी मेंदूज्वर झाला, त्यात त्यांचे कान गेले. छापखान्यात त्यांच्यासारखे आणखी दोघं-तिघं होते. त्या काळी बहिऱ्यांच्या शाळेत मुलांना हाच धंदा शिकवत. क्लीटस नावाचे त्यांचे मित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. दोघं यंत्रांच्या डोक्यावरून हातांनी बोलत, विनोद सांगत आणि त्या सगळ्या गोंगाटात पोट धरून हसत.

फोरमन वैतागायचा. "दिवसभर गप्पा छाटतात हे दोघं. आणि पकडू कसे? आवाजच नाही यांचा!"

आई, म्हणजे इर्मा, जन्मापासूनच बहिरी. ती बेकरीत कामाला होती. बहिऱ्यांच्या क्लबात पत्ते खेळताना दोघांची गाठ पडली. मला मात्र ऐकू येत होतं. मी जन्मले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी देवाचे आभार मानले. आई तेवढी थोडी हिरमुसली होती. पुढे तिनेच मला हे हसत हसत सांगितलं. "मला वाटलं, ही आता त्यांच्यातली झाली. आपल्याशी बोलेल की नाही, कोण जाणे."

मी बोलले. तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलले. शाळेत जायच्या आधीपासून घरातला फोन मीच घ्यायचे. डॉक्टर, फादर, वीज कंपनीचा माणूस, सगळ्यांचं आईबाबांना सांगायचं आणि आईबाबांचं त्यांना. डॉक्टरांनी आईला काही नाजूक विचारलं की मी लाल व्हायचे आणि आई म्हणायची, "रोझॅन, तू फक्त नळ आहेस. पाणी कुठून येतं, कुठे जातं, त्याची लाज नळाला कशाला?"

आम्ही केस्टरव्हिलमध्ये राहायचो. मोनोंगहेला नदीला मिळणारा एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडे केस्टरव्हिल, पलीकडे हार्लन फेरी. मधला पूल इतका आखूड, की गाडीचा गिअर बदलेपर्यंत गाव बदलतं. दोन्हीकडच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर एकाच पोलाद कारखान्याची काजळी पडायची. पण कौन्सिलं दोन, अग्निशमन दलं दोन, आणि कायदेही दोन. केस्टरव्हिलमध्ये पूर्वी एका खानावळीला आग लागून माणसं गेली होती. त्यानंतर तिथल्या कौन्सिलने ठराव केला: प्रत्येक घरात धुराचा अलार्म हवा, आणि भाडेकरूला ऐकू येत नसेल तर त्याच्या पलंगापाशी लखलखणारा दिवा असलेला अलार्म मालकाने बसवून द्यायचा. हार्लन फेरीनेही पुढे अलार्मचा कायदा केला, पण दिव्याचं कलम त्यात घेतलं नाही. का घेतलं नाही, हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं, एवढंच.

केस्टरव्हिलमधलं आमचं बिऱ्हाड एका चपलांच्या दुकानाच्या वर होतं. मालकाने मुकाट्याने दिवा बसवून दिला होता, फोटोग्राफरच्या फ्लॅशसारखा पांढरा. पहिल्यांदा तो लागला तेव्हा बाबा स्वयंपाकघरात पाव भाजत होते आणि आई आत आडवी झाली होती. क्लबात ती हे सगळ्यांना सांगायची, "नवऱ्याने टोस्ट जाळला आणि देवाने माझा फोटो काढला!"

पण ते घर अंधारं होतं. खिडक्यांसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. बहिऱ्या माणसांच्या घरात अंधार म्हणजे मुकेपणाच. हात दिसले नाहीत तर बोलणार काय? दिवसाढवळ्या बल्ब लावून आम्ही गप्पा मारायचो. आईचं एकच मागणं होतं, एकदा तरी उन्हाचं स्वयंपाकघर मिळावं.

मी नर्स झाले, लग्न करून दूरच्या एरी शहरात गेले. छापखान्यात काँप्युटर आले, शिशाची भांडी भंगारात गेली आणि बाबाही घरी बसले. तेव्हाच ओढ्यापलीकडे, हार्लन फेरीत, जोडघराचं अर्धं घर भाड्याने मिळत असल्याचं कळलं. स्वयंपाकघराला दक्षिणेकडे दोन मोठ्या खिडक्या. आईने दारातून पाहिलं आणि आत न जाताच मला म्हणाली, "घेतलं, म्हणून सांग त्यांना."

घरमालक स्टॅम्पर म्हणून होते. जाडजूड, घाईतले, पण उर्मट नव्हेत. सामान लावायच्या दिवशी मी पुन्हा एरीहून आले होते. बाबांनी मला दिव्याबद्दल विचारायला सांगितलं.

"दिवा?" स्टॅम्पर म्हणाले. "हे बघ पोरी, तो कायदा पुलापलीकडचा. इथे म्हणतात, अलार्म हवा. मी नवाकोरा आणलाय."

"पण त्यांना ऐकू येत नाही."

"ते मला दिसतंय गं. पण इन्स्पेक्टर विचारणार, अलार्म आहे का? आहे. चालतो का? चालतो."

ते स्टुलावर चढले, स्वयंपाकघराच्या दाराशी छताला लावलेल्या त्या पांढऱ्या डबीचं बटण दाबलं. असा काही कर्कश आवाज सुटला, की मी दोन्ही कानांवर हात दाबले. स्टॅम्पर यांनीही खांदे कानापर्यंत नेले. आणि आमच्या समोर आई आणि बाबा शांत उभे होते, पाहुण्यांसमोर उभं राहावं तसे हसतमुख, हे संपायची वाट बघत.

आवाज थांबल्यावर बाबांनी मला विचारलं, "कसा आहे?"

"मोठा आहे," मी म्हणाले.

त्यांनी स्टॅम्पर यांना पुन्हा बटण दाबायला खुणेने सांगितलं, स्वतः स्टुलावर चढले आणि डबीवर तळवा ठेवला. मग खाली उतरून आईला म्हणाले, "माशी आहे. डब्यात कोंडलेली."

आई खूप हसली. स्टॅम्पर यांनी मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं तेव्हा तेही हसले. त्या दिवशी आम्ही सगळेच त्या डबीवर हसलो.

दिव्याचा अलार्म बाहेरून मागवावा लागायचा. बाबांना हाताने सगळं करता यायचं. दाराच्या घंटेला त्यांनी स्वतःच एक बल्ब जोडला होता. कुणी बटण दाबलं की स्वयंपाकघरात उजेड पडायचा. हाही करू, म्हणाले. आधी परसातलं कुंपण झालं. मग आईला खिडकीखाली भांडी ठेवायला फळी हवी होती, ती झाली. मग हिवाळा लागला. "ईस्टर झाला की तेवढंच करतो," असं त्यांनी ख्रिसमसला मला सांगितलं होतं.

जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात लुडविना पॅव्हलिक राहायच्या. विधवा, मुलं दूर. आमच्या लोकांत मावशीला तेता म्हणतात. त्यांना सगळी गल्लीच तेता म्हणायची. आईची आणि त्यांची पहिल्या आठवड्यातच गट्टी जमली. खुणा येत नव्हत्या त्यांना, पण भाजीत मीठ जास्त झालंय, शेजारचा पिऊन आलाय, फादरचं प्रवचन लांबलंय, एवढं सांगायला खुणा शिकाव्या लागत नाहीत. आई कोबी आणि शेवया लोण्यात परतायची तेव्हा एक वाडगा तिकडे जायचाच.

आणि आई कांदा परतायला लागली की अलार्म वाजायचा. ती डबी स्वयंपाकघराच्या दारापाशीच होती ना! आईला त्याचा पत्ताही नसायचा. ती आपली ढवळत उभी, आणि डोक्यावर ते यंत्र बोंबलतंय. मधल्या भिंतीतून सगळा आवाज तेतांच्या घरात. मग त्या परसदाराने यायच्या, खिडकीबाहेर उभ्या राहून एप्रन फडफडवायच्या. आई जीभ चावायची, खिडकी उघडायची, टॉवेलने धूर हाकलायची. मी घरी आले की तेता मला म्हणायच्या, "पोरी, तुझ्या आईने जेवायला काय केलंय ते तुझ्या बापाच्या आधी मला कळतं. एक दिवस मीच बहिरी होईन या कांद्यापायी!"

कधी एप्रन घेऊन गेल्या की आईने आधीच खिडकी उघडलेली असायची आणि आवाज थांबलेला असायचा. मग हळूहळू तेताही लगेच निघेनाशा झाल्या. थोडं थांबायच्या. बहुतेक वेळा आपोआप बंद व्हायचा.

तो शुक्रवार होता, लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला. आई पहाटे बेकरीत जायची आणि दुपारी येऊन झोपायची. बाबा तिच्या अंगावर पांघरूण घालून क्लबात पत्ते खेळायला गेले. पुढच्या खोलीत सोफ्यामागच्या भिंतीत जुनी वायर होती, तिथून आग निघाली, असं पुढे सांगितलं गेलं. अलार्म वाजला. छान वाजला, त्याबद्दल कुणीच कधी शंका घेतली नाही.

बाबा परत येत होते तेव्हा त्यांना आधी वास आला. मग वळणावर गर्दी दिसली. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, फार नंतर, आणि एकदाच.

"सगळ्यांची तोंडं हलत होती," ते म्हणाले. "माझ्याकडे बघून हलत होती. अख्खी गल्ली माझ्याशी बोलत होती आणि कुणाला हात नव्हते."

घराच्या पुढच्या खिडक्यांतून धूर येत होता. अग्निशमन दलाचा एक माणूस तोंडाला कर्णा लावून वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या खिडकीकडे बघत होता. कर्णा म्हणजे काय, ते बाबांना माहीत होतं. ते लोक आईला हाक मारत होते. बाहेर या, असं तिला ओरडून सांगत होते.

बाबा धावले. दोन पोलिसांनी त्यांना धरलं. आत जाऊ नयेत म्हणूनच धरलं, माणसं चांगली होती, दुसरं काय करणार? पण त्यांनी बाबांचे हात धरले. दोघांनी दोन बाजूंनी, मनगटं घट्ट. बाबांना एवढंच सांगायचं होतं, की ती बहिरी आहे, ओरडू नका, आत जा, तिला हलवा. तेवढंच सांगायचं होतं आणि सांगायला हात मोकळे नव्हते. त्यांनी तोंडाने प्रयत्न केला. लहानपणी शाळेत त्यांना दोन-चार शब्द तोंडाने म्हणायला शिकवले होते, ते ऐकून मुलं हसायची, म्हणून त्यांनी पुढे कधीच तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी ते ओरडले. पोलिसांना वाटलं, माणूस दुःखाने ओरडतोय. त्यांनी आणखी घट्ट धरलं.

शेवटी तेतांनीच एका जवानाच्या दंडाला धरून सांगितलं की आतल्या बाईला ऐकू येत नाही. तेव्हा शिडी लागली. आईला बाहेर आणलं. मी एरीहून पोहोचले तोवर हॉस्पिटलात तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती. अंगावर कुठे भाजल्याची खूण नव्हती. धुरानेच गेली.

फादर म्हणाले, "झोपेतच गेली. तिला काही कळलं नाही, हीच देवाची कृपा."

मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं?"

ते मात्र मी फादरना सांगितलं नाही.

अंत्यविधीला क्लब लोटला होता. स्टॅम्परही आले. आत आले नाहीत, चर्चच्या पायऱ्यांवर टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी बाहेर आले तेव्हा म्हणाले, "पोरी, मी नियमाप्रमाणेच केलं होतं गं." इन्स्पेक्टरनेही तेच सांगितलं होतं. अलार्म होता, चालू होता, वाजला. हार्लन फेरीत जेवढं लागतं तेवढं सगळं होतं. मी बाबांना त्यांचं म्हणणं सांगितलं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. रागाने नव्हे. खरंच होतं ते.

मी बाबांना एरीला न्यायला बघत होते. ते यायला तयार होईनात. म्हणाले, "आधी कौन्सिलात जायचंय. तू बोल माझ्यासाठी."

कौन्सिलची सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरायची. अध्यक्ष ऑर्टमन नावाचे गृहस्थ, पूर्वी हायस्कूलचे मुख्याध्यापक. गर्दी बरीच होती. अर्ध्या गल्लीतली माणसं आली होती. क्लीटसही येऊन पुढे बसले होते. बाबा उठले, कोटाची बटणं लावली आणि बोलायला लागले. मी त्यांच्या शेजारी उभी राहून तोंडाने सांगत होते.

दुसऱ्यासाठी बोलताना 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं. त्याचा 'मी' तो आपला 'मी'. लहानपणापासून मी हेच करत आले होते. बाबांचे हात हलले आणि मी म्हणाले, "माझं नाव ऑगस्ट हॅव्रिला. मी छापखान्यात होतो." हात हलले आणि मी म्हणाले, "मार्च महिन्यात माझी बायको..."

तिथे मी थांबले. बाबांनी तेच वाक्य पुन्हा केलं. करंगळी गालावर, जिथे आईची खळी पडायची तिथे. बहिऱ्या माणसांत तेच तिचं नाव होतं. मग तळवा उलटा. मला बोलता येईना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांनी हे वाक्य घरी आरशासमोर करून पाहिलं असणार.

"माझी बायको वारली," मी म्हणाले. "तुमचा अलार्म वाजत होता. मी तुम्हाला दोष द्यायला आलेलो नाही. पुलापलीकडे जो कायदा आहे तो इथे करा, एवढंच मागायला आलोय."

ऑर्टमन यांनी चष्मा काढला. "मिस्टर हॅव्रिला, तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. पण आम्हाला व्यवहारही बघावा लागतो. सगळ्या घरमालकांवर एक नियम लादायचा... आपल्या गावात ऐकू न येणारे असे किती लोक आहेत?"

मी बाबांना सांगितलं. बाबांनी दोन बोटं दाखवली. मग एक बोट मिटलं.

ते मला बोलून सांगावं लागलं नाही.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. तेता उभ्या राहिल्या. आगीनंतर त्यांचीही अर्धी बाजू राहण्यासारखी उरली नव्हती, त्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. अंगावर काळा कोट होता, हातात पाकीट घट्ट धरलेलं.

"मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "मला बोलू द्या, ऑर्टमन. मी ऐकलं होतं तो वाजताना. बटाटे सोलत होते. म्हटलं, इर्मा कांदा परततेय. म्हटलं, होईल बंद. मी शेवटचा बटाटा सोलला, पाणी ओतलं आणि मग गेले."

बाबा माझ्याकडे बघत होते. काय म्हणतायत, असं त्यांनी विचारलं. क्लीटसही बघत होते.

ही गोष्ट मला माहीत नव्हती. बाबांनाही नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी मनात म्हणत होते, की याच्यातलं थोडं गाळता येईल. बटाटे गाळता येतील. पण नळाने पाणी गाळायचं नसतं. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, माझ्या हातांनी, 'मी'ने. मी ऐकलं होतं. मी बटाटे सोलत होते.

बाबांचे हात हवेत उचलले गेले आणि तसेच राहिले. मग त्यांनी ते कोटाच्या खिशात घातले.

सभा उठेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. ऑर्टमन यांनी विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का, तेव्हा मी बाबांच्या कोपराला हात लावला, त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेता दारापाशी थांबल्या होत्या. बाबा त्यांच्या समोरून गेले. त्या "ऑगस्ट, ऑगस्ट" म्हणत होत्या, दोनदा, तीनदा, त्यांच्या पाठीला.

मी मागे वळले. "तेता, त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांना हे कधी सांगावं लागलं नव्हतं.

"माहीत आहे गं बाई," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करू?"

ठराव पुढच्या सभेवर ढकलला, तिथून आणखी पुढच्या, आणि शेवटी एका मताच्या फरकाने पडला. घरमालकांना 'विनंती' करावी असं ठरलं. विनंती कुणी केली की नाही, मला माहीत नाही. स्टॅम्पर यांनी मात्र स्वतःच्या बाकीच्या घरांमध्ये जुन्या वायरी बदलून घेतल्या, असं ऐकलं.

बाबा एरीला आले नाहीत. पूल ओलांडून केस्टरव्हिलला परत गेले. चपलांच्या दुकानावरचं आमचं बिऱ्हाड दुसऱ्याला गेलं होतं. त्याच रांगेत पुढे एक खोली मिळाली, तशीच अंधारी. पलंगाच्या वर दिवा होता. मालकाने न सांगता बसवला, तिथला नियमच होता तो. मी राहायला गेले तेव्हा पाहिलं, रात्री ते उताणे पडून त्या दिव्याकडे बघत राहायचे, विझलेल्या.

"झोपा ना," मी म्हणायचे.

"झोपतो. तो लागला तर कळेल का, बघत होतो."

तेतांबद्दल ते बोलत नसत. मी विषय काढला की हात खिशात. एक-दोनदा तेतांनी माझ्या हाती बाबांसाठी केक पाठवला. तो बाबांनी क्लबात नेऊन वाटला, स्वतः खाल्ला नाही. मी त्यांना तसं का, म्हणून विचारलं नाही.

मग काही वर्षांनी तेतांची बहीण वारली आणि त्या एकट्या राहू लागल्या. मी नाताळाला भेटायला गेले तर दार उघडायलाच किती वेळ! रेडिओ मोठ्याने लावलेला, मी बोलतेय ते निम्मं कळत नव्हतं. "वयाने झालंय," त्या म्हणाल्या. "एका कानाने तर अजिबातच नाही. तुझी आई वरून बघून म्हणत असेल, आता कशी!" असं म्हणून हसल्या आणि मग हसता हसता तोंड फिरवून बसल्या.

बाबांच्या खोलीवर येऊन मी त्यांना सांगितलं. सहज सांगितलं, काही मनात धरून नव्हे.

वसंतात त्यांनी बाहेरून एक खोका मागवला. मला म्हणाले, गाडी काढ. शिडी आम्ही टपावर बांधली आणि पूल ओलांडला. तेतांनी दार उघडलं, बाबांना पाहिलं, आणि मागे सरकून भिंतीला टेकल्या. बाबांनी टोपी काढून त्यांना मान लवून नमस्कार केला आणि सरळ बेडरूममध्ये गेले. त्यांना ड्रिल चालवायला, वायर ओढायला बराच वेळ लागला. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. तेता शिडी धरून उभ्या होत्या. त्या सबंध वेळ काहीतरी बोलत होत्या, हळू आवाजात, वर बघून. प्रार्थना होती की दुसरं काही, मला ऐकू आलं नाही. मी दारात होते. जवळ गेले असते तर बाबांना सांगावं लागलं असतं.

काम झाल्यावर बाबांनी बटण दाबलं. खोलीभर पांढरा लखलखाट झाला. तेतांनी डोळे मिटले, मग उघडले, मग मान हलवली: दिसला. बाबांनीही मान हलवली.

"कॉफी टाकते," तेता मला म्हणाल्या. "विचार ना त्यांना."

मी विचारलं. बाबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, शिडी उचलली आणि बाहेर पडले. कॉफीला ते थांबले नाहीत, तेव्हाही नाही आणि त्यानंतर कधीच नाही. पण दर शरद ऋतूत त्या दिव्याची बॅटरी बदलायला जायचे. आधी मला घेऊन, पुढे पुढे एकटेच. दोघं एकमेकांशी काय आणि कसं बोलत, बोलत होती की नाही, मला माहीत नाही. तेतांच्या दफनाला ते आले, मागच्या बाकावर बसले आणि संपल्याबरोबर उठून गेले.

हार्लन फेरीत दिव्याचा नियम शेवटी आलाच. गावाने आपण होऊन केला नाही; वरून राज्याचा कायदा आला आणि दोन्ही काठ सारखे झाले. ऑर्टमन तेव्हा कौन्सिलात नव्हते. बाबा तोवर माझ्याकडे, एरीला आले होते. हातांना कंप सुटला होता, त्यामुळे त्यांचं बोलणं अडखळत यायचं. अनोळखी माणसाला कळलं नसतं, मला कळायचं. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसून बातमी सांगितली. त्यांनी दोनदा सांगायला लावली.

"आता तिथे कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

"स्टॅम्परच्या घरात? कुणी नाही, बाबा. पाडलं ते कधीच. नुसती मोकळी जागा आहे."

त्यांनी विचारलं, "आणि ऊन?"

मला आधी कळलं नाही. मग मी म्हणाले, "आहे. दिवसभर असतं."

ते मान हलवून खिडकीबाहेर बघत बसले. मी सूप गरम करायला उठले.